वरून ओतलेलं पाणी

मी शिवणकाम करते. मुलुंडला, पुनर्वसनाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लग्नाच्या घाईची कामं. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय आहे. तशी मी तोंडाची फटकळच, त्यामुळे पुढे कुठे जास्त बोलले तर चालवून घ्या.

हे लिहितेय ते कोणाला डॉक्टरकी शिकवायला नाही. जिच्या हातात आज रिपोर्ट आलाय, आणि जिच्या मनात पहिला विचार ‘आता कोणाकोणाला कळणार?’ हाच आलाय, तिच्यासाठी लिहितेय. माझ्याही मनात पहिला तोच आला होता. मरणाचा विचार दुसऱ्या दिवशी आला.

आधी प्याल्याचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. आमचं चर्च छोटं, मराठी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब भाकर मोडतात, द्राक्षरसाचा प्याला उचलतात, आणि सगळी मंडळी कठड्याशी गुडघे टेकून त्या एकाच प्याल्यातून पिते. प्याला पितळेचा आहे, आतून कल्हई केलेला, एका बाजूला पोचा पडलेला. आदल्या दिवशी तो चिंचेने घासायचा, सकाळी पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवायचा, शेवटी उरलेला घोट पिऊन टाकायचा कारण तो फेकत नाहीत, आणि मग धुऊन पुसून कपाटात ठेवायचा. एकोणीस वर्षं हे काम माझ्याकडे होतं.

तो प्याला नगरकडून आलाय. माझ्या सासूबाई, ज्यांना आमच्याकडच्या पद्धतीने मी आत्याबाई म्हणते, त्या सांगतात की त्यांच्या गावात गावकुसाबाहेर दोन वस्त्या होत्या. दोघींनाही गाव शिवत नव्हतं, आणि त्या एकमेकींना शिवत नव्हत्या. दोन्ही वस्त्यांनी ख्रिस्त घेतला तरी एकमेकांच्या हातचं पाणी घ्यायला तयार नव्हत्या. या प्याल्याला दोघांनी तोंड लावायला कितीतरी वर्षं गेली. म्हणून लोक मुंबईला पोट भरायला आले तेव्हा बरोबर तो घेऊन आले.

आजारपणात माझं काय काय जाईल याची मी यादी केली असती, तर प्याला त्यात नसता. नेमका तोच गेला. तो परत मिळेल का, आणि मिळालाच तर माझ्या मागून त्याला कोणी तोंड लावेल का, हा एकच प्रश्न मी सहा महिने उशाशी घेऊन झोपले.

डाग

खोकला नाताळच्या गाण्यांच्या तयारीत सुरू झाला. आमची गाणी चर्चच्या मागच्या खोलीत बसतात. कोणीतरी देणगी देऊन तिथे एसी बसवला, तेव्हा खिडक्या स्क्रूने बंद करून टाकल्या. चौदा जण आम्ही त्या खुराड्यात कोंबून गायचो. मी आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा सूर. खोकला आला की तोंडावर रुमाल धरायचा आणि पुढची ओळ पकडायची. घशात खवखव आहे, आलं-मधाने जाईल, असं तीन आठवडे चाललं.

जानेवारीत शीतलचा ब्लाउज शिवत होते. ती आमच्याच विंगमध्ये राहते, तिच्या भावाचं लग्न होतं. मोतिया रंगाचं रेशीम. हुकपट्टीला टाचण्या लावताना उबळ आली आणि अस्तरावर लाल ठिपका पडला. मला वाटलं, टाचणी जिभेला लागली. उठले, आरशात जीभ बघितली, हिरड्या बघितल्या, गाल आतून चाचपला. कुठेच काही नाही. आणि मूर्खासारखं मी परत येऊन आधी काय केलं असेल, तर तो डाग थंड पाण्याने काढला. रक्ताचा डाग ताजा असतानाच काढावा लागतो ना! तो निघाला. दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये आला तो जास्त होता.

महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये सहा दिवस ठेवलं. सकाळी साडेपाचला मावशी बत्ती लावून ओरडायची, “चला, डबीवाले!” डबी म्हणजे थुंकीची. रांगेने उभं राहायचं आणि एकमेकींकडे न बघता थुंकायचं. मला तिथे कोणी नावाने हाक मारली नाही, मी अकरा नंबर होते. खरं सांगू? त्याचं मला बरं वाटत होतं. अकरा नंबरला काय झालंय याची कोणाला पडली होती!

दहा नंबरला ट्रॉम्बेची एक मासेविक्रीण होती. दोघींच्या तोंडावर मास्क. ती रोज एक संत्रं सोलायची, अर्धं मला द्यायची, आणि आम्ही एकमेकींकडे पाठ करून मास्क खाली ओढून खायचो. एवढं गोड संत्रं मी आयुष्यात खाल्लं नाही.

तिसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर आला. “टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही,” एवढं बोलून बारा नंबरकडे वळला. माझे मिस्टर, सुधीर, शेजारी उभे होते. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, शांत माणूस. त्यांनी रिपोर्टची चार घड्या घालून तो शर्टाच्या खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. मग म्हणाले, “आलोच,” आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले.

विनंती

आमच्यात आजार लपवत नाहीत. आजार आला की प्रार्थनेची विनंती द्यायची. पूर्वी चिठ्ठी द्यायचे, पाळकसाहेब व्यासपीठावरून वाचायचे. आता व्हॉट्सॲपवर मंडळीचा प्रार्थना ग्रुप आहे. मी स्वतः त्यावर कितीतरी जणांच्या किडन्या, पित्ताशयं आणि सुनांची बाळंतपणं टाकली आहेत, त्यांना न विचारता. कधी मनातसुद्धा आलं नाही.

सुधीरनी पॅसेजमध्ये उभं राहून लिहिलं, “माझी पत्नी विजया हिला टीबी झाल्याचे निष्पन्न झाले आहे. कृपया प्रार्थनेत स्मरण करावे.” खाली जोडलेले हात. ते परत येऊन खुर्चीत बसेपर्यंत माझ्या उशाखालचा फोन थरथरायला लागला. आमेन. आमेन. आमेन. प्रभू समर्थ आहे. आमेन.

“अहो,” मी म्हटलं, “काय केलंत हे?”

“विनंती दिली.”

“कोणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? देतातच ना सगळे.”

“आजार माझा आहे! छाती माझी आहे! मला विचारायचं होतंत!”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“हो ना! नाहीच म्हणाले असते!”

अकरा नंबरला काय झालंय ते तेव्हा सगळ्या वॉर्डाला कळलं. सुधीर खाली मान घालून बसले. खाली बघतच म्हणाले, “एकट्याला नाही झेपलं गं.” आणि रडायला लागले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यांना रडताना मी त्यांच्या वडिलांच्या मातीला एकदाच बघितलं होतं. मला त्यांची दया आली आणि राग तसूभरही कमी झाला नाही. दोन्ही एका वेळी असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

मंडळीतल्या कोणीतरी काळजीपोटी तो मेसेज आमच्या सोसायटीत पुढे ढकलला. घरी आल्यावर पहिला फोन शीतलचा.

“ताई, बऱ्या आहात ना? ऐकलं मी. ब्लाउज जसा असेल तसा द्या, हुक मी दुसरीकडून लावून घेते.”

“अगं, दहा मिनिटांचं काम राहिलंय.”

“नको ताई, तुम्ही आराम करा.”

ब्लाउज न्यायला ती स्वतः आलीच नाही, वॉचमनला पाठवलं. आठवडाभरात सगळे कपडे असेच गेले, काही तर नुसते कापलेले. माझं काम म्हणजे बायकांच्या अंगाला टेप लावायचं काम. तो हात सगळ्यांना नको झाला. मी मशीनवर चादर घातली.

जिन्यातली प्रार्थना

पाळकसाहेब भेटायला आले. तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, हे आधीच सांगून ठेवते. ते दारातून आत आले नाहीत. दोन पायऱ्या खाली, जिन्यात उभे राहिले, आणि तिथून प्रार्थना केली. समोरच्या जोशीकाकू दार किलकिलं करून ऐकत होत्या. त्यांनीही शेवटी हात जोडले.

आमेन झाल्यावर ते घुटमळले. “ताई, एक सांगायचं होतं. मंडळीच्या पंचांनी ठरवलंय, आतापुरतं, की प्रभुभोजनाला छोटे कप वापरायचे. प्लास्टिकचे, एकेकाला एकेक. प्याला कपाटात ठेवलाय. तुमच्याबद्दल काही नाही हं त्यात.”

“मग कोणाबद्दल आहे, पाळकसाहेब?”

ते ‘सलाम’ म्हणाले, आमच्यातला नमस्कार, आणि पायऱ्या उतरायला लागले. मीही ‘सलाम’ म्हणून दार लावलं.

त्यानंतर मी प्रार्थना बंद केली. रागावून, ठरवून अशी नाही. करायला बसले की शब्दच यायचे नाहीत. माझ्यासाठी पन्नास जण आमेन म्हणत होते आणि मला एक वाक्य जमत नव्हतं. देव आहे की नाही असला मोठा प्रश्न नव्हता माझा. तो आहे, पण जिन्यातच उभा आहे, असं वाटायचं.

संघमित्रा

पालिकेच्या दवाखान्यातून गोळ्यांची चौकशी करायला संघमित्रा यायची. तिशीतली पोरगी, पाठीवर सॅक, बोलायला एकदम रोखठोक. मी ‘सलाम’ म्हणायचे, ती ‘जय भीम’ म्हणायची. आमची गावं एकाच तालुक्यातली निघाली. तिच्या आजोबांनी बुद्ध स्वीकारला, आमच्या घरात त्याआधी ख्रिस्त आला होता. एकाच गावकुसाबाहेरून दोन वाटांनी निघालेली माणसं आम्ही, आणि भेटलो कुठे, तर मुलुंडला टीबीच्या गोळ्यांवर.

ती आत यायची. सरळ येऊन खुर्ची खिडकीपाशी ओढून बसायची. आमची खिडकी म्हणजे काय, हात बाहेर काढला तर समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागतो. दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागते.

एकदा मी तिला प्याल्याचं सांगितलं. रडू येऊ नये म्हणून चिडून सांगितलं. ती हसायलाच लागली.

“ताई, पेल्याने नाही होत टीबी! ताटा-वाटीने नाही होत. हवेने होतो. तुम्ही त्या बंद खोलीत चौदा जण गात होतात ना, ती भानगड आहे. आणि ही इमारत. या विंगमध्ये तुम्ही पाचव्या, माहितीये? चौघांनी सांगितलं नाही, एवढंच.”

मी हातातलं गोळ्यांचं पाकीट खाली ठेवलं.

“प्याला बिचारा फुकट कपाटात गेला,” ती म्हणाली. “कोंडायचंच होतं तर एसीला कोंडायचं. त्या गाणाऱ्यांना तपासायला पाठवा.”

इतके दिवस मी स्वतःवर झालेला अन्याय मोजत बसले होते. तीन आठवडे मी त्या खोलीत तेरा माणसांच्या तोंडावर खोकत होते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी एकेकाला फोन लावला. “मी विजया बोलतेय. तपासून घ्या.” कोणी धीर दिला, कोणी फोन आपटला. पण गंमत बघा, सगळे गेले, आणि पटकन गेले, कारण मला काय झालंय ते त्यांना सुधीरच्या मेसेजमुळे आधीच माहीत होतं. लपवलं असतं तर कोण गेलं असतं? हे मी सुधीरना लगेच सांगितलं नाही. थोडे दिवस त्यांना तसंच राहू दिलं.

कोणाला काही निघालं नाही. शेवटचा निरोप आला त्या दिवशी मी किती तरी आठवड्यांनी पोटभर जेवले.

गोळी गिळताना मी संघमित्राला आमच्या शास्त्रातल्या गोष्टी सांगायचे, तिला आवडायच्या. एकदा बारा वर्षं अंगावर रक्त जाणाऱ्या बाईची सांगितली. तशा बाईला शिवलं तर विटाळ, म्हणून तिला कोणी जवळ करत नव्हतं. ती गर्दीत मागून आली, येशूच्या कपड्याच्या काठाला गुपचूप हात लावला आणि बरी झाली. येशू थांबला आणि म्हणाला, मला कोण शिवलं? ती थरथरत पुढे आली आणि सगळ्यांसमोर तिने सगळं सांगितलं.

“का पण?” संघमित्रा म्हणाली. “बरी झाली होती ना? जाऊ द्यायचं ना गुपचूप घरी. चारचौघांत का विचारलं त्याने? मला तर जाम राग आला असता.”

रविवारच्या शाळेत मी ही गोष्ट किती पोरांना शिकवली असेल! असं मला कोणी विचारलं नव्हतं.  खरं म्हणजे मलाही राग आला. हा काय, सुधीरसारखाच निघाला की!

तांब्या

आता जे सांगते ते आत्याबाईंना विचारून लिहितेय. त्या म्हणाल्या, “लिव. खरं हाय ते लिव.”

त्यांचं वय ब्याऐंशी. त्यांची तपासणी झाली, एक्स-रे स्वच्छ आला, तरी आजार होऊ नये म्हणून त्यांनाही गोळ्या दिल्या होत्या. मला गुण येऊन महिना-दोन महिने झाले होते. आता माझ्यापासून कोणाला धोका नाही, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. तरी भीती लगेच जात नाही, ती मुक्कामालाच येते. आत्याबाई माझ्याशी बोलायच्या, माझ्यासाठी बाजरीची पेज करायच्या, पण माझं भांडं वेगळ्या फळीवर ठेवायच्या. मी काही म्हणत नव्हते.

एका दुपारी मी जमिनीवर बसून उसवण काढत होते. गोळ्यांनी तहान फार लागते. मी पेला पुढे केला आणि म्हटलं, “आत्याबाई, जरा पाणी.” त्या तांब्या घेऊन आल्या. आणि उभ्या उभ्या, वरून, धार धरली. हातभर उंचीवरून. पेल्याला तांब्या लागू नये म्हणून.

पाणी पेल्यात पडलं, माझ्या मनगटावर उडालं. मी वर बघितलं. त्या तांब्याकडे बघत होत्या. धार चालूच होती, पेला भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं तरी त्यांचा हात खाली येईना.

“आत्याबाई, पुरे.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्यासमोर, त्या ओल्या फरशीवरच, बसल्या.

“आमाला असंच वाढायचे,” त्या म्हणाल्या. “पाटलाच्या विहिरीवर. म्या सात-आठ वर्साची आसन. खाली वंजळ धरून बसायचं, आन त्यांची सून वरून धार धरायची. निम्मं पानी कोपरावरनं खाली. तहान काय भागंना.” त्यांनी स्वतःचा हात उलटा करून बघितला. “माझा हात तसा कवा शिकला गं, विजया?”

 आम्ही दोघी रडलो, चांगल्या रडलो, आणि मग मी फडकं आणून फरशी पुसली. त्यांनी माझा पेला उचलला, त्यातलं अर्धं पाणी स्वतः प्यायल्या, आणि उरलेलं मला दिलं. “पी,” म्हणाल्या. मी प्यायले.

त्या दिवशी मला त्या बाईच्या गोष्टीचं काहीतरी उत्तर मिळालं. बरोबर आहे की नाही, पाळकसाहेबांना विचारा, मी शिंपीण आहे. मला वाटतं, तिचं बिंग फोडायला तो थांबला नव्हता. ती बाई शिवली म्हणून आता त्यालाही विटाळ झाला होता, त्यांच्या नियमाने. गुपचूप निघून गेला असता तर लोकांना कळलंच नसतं, तो शुद्धच्या शुद्ध राहिला असता. त्याने मुद्दाम गर्दीला सांगितलं, बघा, ही मला शिवली, आणि मी अंघोळीला घरी पळत नाहीये. मग तिला मुली म्हणून हाक मारली. लोकांपुढे उघडी ती एकटी पडली नाही, तो तिच्याबरोबर उघडा पडला. माझ्या वेळी उघडी मी पडले, आणि बाकीचे प्लास्टिकचे कप घेऊन बसले. फरक एवढाच आहे.

त्या संध्याकाळी मी सुधीरना सांगितलं की तुमच्या मेसेजमुळे लोक तपासायला गेले. ते म्हणाले, “तरी तुला विचारायला हवं होतं.” मी म्हटलं, “हो, हवंच होतं.” भांडण तिथे मिटलं. चार महिने चाललं होतं.

खिडक्या

सहा महिने पुरे झाले. शेवटची गोळी मी संघमित्रासमोर घेतली, तिने रिकाम्या पाकिटाचा फोटो काढला आणि आम्ही दोघींनी वडापाव खाल्ला.

पाळकसाहेबांचा फोन आला. आमच्याकडे बरं झालेला माणूस मंडळीपुढे उभा राहून साक्ष देतो, देवाने मला कसं बरं केलं ते सांगतो. “पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी द्याल ना, ताई? मंडळीने फार प्रार्थना केली तुमच्यासाठी.”

“देते,” मी म्हटलं. “पण त्या दिवशी प्याला बाहेर काढा.”

“ताई, पंच...”

“ज्यांना छोटे कप हवेत त्यांनी घ्यावेत. स्वच्छतेचं तुमचं मला पटतं, मी अडाणी नाही. पण प्याला माझ्यामुळे कपाटात गेलाय, आणि माझा आजार त्याने पसरतच नाही. आणि मागच्या खोलीच्या खिडक्या उघडा.”

“पावसाचे दिवस आहेत, पाणी आत येईल.”

“येऊ दे. फरशी मी पुसेन. हवा येऊ दे.”

आधी त्यांनी ‘बरं’ म्हटलं. मग म्हणाले, “ताई, मी जिन्यात उभा राहिलो होतो. मला ते अजून खातंय.” त्यांनी हे कबूल केलं, म्हणून सुरुवातीला मी म्हटलं की मनाने चांगले आहेत. शनिवारी ते आणि सुधीर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले. गंजलेले स्क्रू दोन तास निघेनात. मी त्याच खोलीत बसून प्याला चिंचेने घासला.

रविवार

संघमित्रा आली होती, पांढरी साडी नेसून. दारात एका काकांनी तिला ‘सलाम’ केला, तिने ‘जय भीम’ म्हटलं, काका क्षणभर गोंधळले आणि तेही ‘जय भीम’ म्हणाले. तिने उभं राहून पाच मिनिटांत सांगून टाकलं, हा आजार कशाने होतो, कशाने नाही.

मग मी उभी राहिले. लिहून आणलं होतं, ते वाचलंच नाही. मी म्हटलं, “देवाने मला बरं केलं असं म्हणायला तुम्ही मला उभं केलंय. मला माहीत नाही. सरकारी गोळ्यांनी केलं हे माहीत आहे. देव त्या गोळ्यांत होता का, मला सांगता येणार नाही, मी चार महिने त्याच्याशी बोलत नव्हते. आता थोडं बोलते. मी तुमच्यात तीन आठवडे खोकले, मला माहीत नव्हतं, तरी माफी मागते. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत, आभार. पण माझ्या इमारतीत पाच जणांना हा आजार झाला, कारण तिथे ऊन येत नाही. ज्या चाळीतून आम्हाला तिथे आणलं तिथे निदान ऊन होतं. आपण बरं होण्यासाठी प्रार्थना करतो, उन्हासाठी करत नाही. ती करा. आणि ऊन अडवणाऱ्यांना विचारायला माझ्याबरोबर चला.” कोणी आमेन म्हटलं नाही. अशा साक्षीला कुठे म्हणायचं ते त्यांना कळलं नसावं.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. एका बाजूला छोट्या कपांचा ट्रे, एका बाजूला प्याला. त्यांनी मला खूण केली. मी कठड्याशी जाऊन गुडघे टेकले. प्याला ओठांना लागला, पितळेची ती थंड कड, आणि मी प्यायले. मग बाजूला बघितलं.

कठड्याशी मी एकटी होते. एरवी दहा-बारा जण खांद्याला खांदा लावून टेकतात. मागे बाकांवर कोणी हललं नाही. मागच्या खोलीतल्या उघड्या खिडकीतून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. पाळकसाहेब प्याला धरून तसेच उभे. माझं तोंड तापलं. मला वाटलं, उठावं आणि घरी जावं, झालं तेवढं पुरे.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आत्याबाईंना गुडघे टेकता येत नाहीत, त्यांना पाळकसाहेब नेहमी बाकावरच नेऊन देतात. त्या चालत पुढे आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मी प्यायले होते त्याच कडेला तोंड लावून चांगला मोठा घोट घेतला. मग तोंड पुसलं आणि मंडळीकडे वळल्या.

“या की पुढं,” त्या म्हणाल्या. “का तुमाला बी वरून वतायचं?”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि स्वतः एक घोट घेतला. पहिले सुधीर उठले. मग ज्यांनी माझा फोन आपटला होता ते. मग बाकीचे. सगळेच आले असं नाही, बरेच जण ट्रेकडे गेले, आणि त्यांचा मला राग नाही. पण कठडा दोनदा भरला, आणि आत्याबाईंचं बघून लोकांनी घोटही मोठे घेतले. माझ्या दोन्ही खांद्यांना माणसं लागली होती.

उपासना संपल्यावर मी प्याला घेऊन मागच्या खोलीत गेले. उरलेला घोट प्यायचं काम माझं. उघड्या खिडकीशी, उजेडात, प्याला वाकवून बघितला. आत काही नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी थेंबसुद्धा उरला नव्हता. मी तो धुतला, पुसला, आणि कपाटात न ठेवता खिडकीत वाळायला ठेवला.